काकांच्या पेटीतला कॅननेट: नागभीडच्या उन्हापावसात तो कसा चालवायचा

प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातला आहे. काकांच्या लोखंडी पेटीत कॅनन कंपनीचा कॅननेट क्यूएल१७ जी-थ्री हा रेंजफाइंडर (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा) कॅमेरा कातडी कव्हरात पंचवीसेक वर्षं पडून होता. आता सेल मिळत नाही, बघायच्या खिडकीतला पिवळा चौकोन पुसट दिसतो आणि मागचं झाकण उघडलं की बोटांना काळं, चिकट काहीतरी लागतं. हा कॅमेरा चालेल का, रोल कसा धुवायचा, आणि धान निघाल्यावर सुरू होणाऱ्या झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे फोटो त्याने निघतील का, असं विचारलंय.

बहुतेक चालेल. या कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला आणि मीटरवर चालणाऱ्या ऑटोला. म्हणजे सेल मिळत नाही म्हणून कॅमेरा बंद, असं इथे होत नाही. याच काळातल्या याशिका इलेक्ट्रो ३५ चं मात्र शटर इलेक्ट्रॉनिक आहे. त्यातला सेल गेला की एकच वेग उरतो, १/५००. तुमच्या हाती त्यातल्या त्यात सोपा कॅमेरा आलाय. १९७२ पासूनचं हे मॉडेल, ४० मिमीची एफ १.७ लेन्स, १/४ ते १/५०० सेकंदाचे आठ वेग आणि शिवाय बी, म्हणजे बटण दाबून धराल तोवर शटर उघडं.

पण रोल घालायची घाई करू नका. रोल महाग आहे, आणि बिघाड शोधायला तो लागतही नाही. आधी रिकाम्या कॅमेऱ्यावर तासभर घालवा.

सुरुवात शटरपासून करा. अॅपर्चरची रिंग (लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी, एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) ‘ए’ म्हणजे ऑटोवरून काढून १.७ वर आणा, वेग १/४ ठेवा, मागचं झाकण उघडा, कॅमेरा आभाळाकडे धरा आणि मागून लेन्समधून बघत क्लिक करा. पाती पूर्ण उघडून पूर्ण मिटली पाहिजेत. प्रत्येक वेगाला दहा-दहा वेळा हे करा. पाती अर्धवट उघडत असतील, किंवा क्लिकचा आवाज येऊनही हलतच नसतील, तर त्यांच्यावर तेल आलंय. या कॅमेऱ्याचा हा सगळ्यात नेहमीचा आजार आहे आणि आपल्याकडचा उन्हाळा तो वाढवतो. टिनाच्या छपराखालची लोखंडी पेटी मे महिन्यात भट्टी होते. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर ओघळतं आणि पुढे वाळून डिंकासारखं धरतं. ही पाती कोरडीच चालायची असतात. त्यामुळे शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे अजिबात मारू नका. त्याने दोन दिवस शटर चालेल आणि मग कायमचं चिकटेल. खरा उपाय म्हणजे पुढची काच काढून लायटरच्या पेट्रोलने पाती धुणं. ते मेकॅनिककडून करून घ्या. पुढची काच परत बसवताना थोडी जरी कमी-जास्त फिरली तर फोकस बिघडतो.

वेग बरोबर आहेत का हे मोबाइलवर कळतं. सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ मागून घ्या. १/४ ला साधारण ६० फ्रेम उजेड दिसला पाहिजे, १/३० ला ८, १/६० ला ४. त्याच्या वरच्या वेगांना मोबाइलचा भरवसा नाही. १/४ ला ७० फ्रेम आल्या तरी काळजी नको, निगेटिव्ह रोल तेवढं सहज सांभाळून घेतो. १०० आल्या तर सफाई हवी.

सेल्फ टायमरची दांडी मात्र ओढू नका. पंचवीस वर्षं न हललेला टायमर मधेच अडकतो आणि शटरही धरून ठेवतो.

ती चिकट काळी घाण म्हणजे उजेड अडवणाऱ्या फोमच्या पट्ट्या. त्या विरघळल्यात. त्या तशाच ठेवून रोल घातला तर फोटोंवर लालसर-नारिंगी पट्टे येतात, बहुतेक वेळा बिजागरीच्या बाजूने. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, बांबूच्या काडीला कापूस गुंडाळा आणि खाचा संपूर्ण स्वच्छ होईपर्यंत पुसा. कॅमेऱ्याची उघडी बाजू खाली धरूनच पुसा, म्हणजे कण शटरवर पडणार नाहीत. थिनर वापरू नका, तो आतला काळा रंग उतरवतो. वरच्या-खालच्या लांब खाचांत काळ्या लोकरीचा एक धागा दाबून बसवा, खाचेत फेव्हिकॉलचे चार-पाच बारीक ठिपके पुरतात. बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमली रिबिनीची पट्टी चिकटवा. जाड पट्टी लावायचा मोह होतो, पण तिच्यामुळे झाकण नीट मिटत नाही आणि दुसऱ्या जागेतून उजेड शिरतो.

आता पिवळा चौकोन. व्ह्यूफाइंडरमध्ये एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, फोकस फिरवून त्या जुळवल्या की अंतर लागलं. सगळा कॅमेरा या जुळणीवर उभा आहे, म्हणून तपासणी नीट करा. फोकस अनंतावर न्या आणि किलोमीटरभर तरी लांबच्या वस्तूकडे बघा, मोबाइलचा टॉवर किंवा घोडाझरी तलावाच्या पाळीवरून दिसणारी डोंगराची कड. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. मग टेपने मोजून १ मीटर आणि ३ मीटरवर काहीतरी उभं करा आणि जुळवल्यावर रिंगेवर तेच अंतर येतं का ते बघा. प्रतिमा वर-खाली सरकलेली असेल तर डोळ्याला त्रास होईल, पण फोटो बिघडणार नाही. डावी-उजवीकडची चूक मात्र सरळ फोकसची चूक असते.

खात्री करायची आणखी एक रीत आहे. मागचं झाकण उघडा, रोल जिथून सरकतो त्या दोन आतल्या रुळांवर बटर पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर उघडं धरा, लेन्स १.७ ला ठेवा आणि भिंगाने त्या कागदावरचं चित्र बघा. चौकोनात जुळलेली वस्तू कागदावरही धारदार असली की रेंजफाइंडर बरोबर आहे. १.७ ला १ मीटरवर धारदारपणाची खोली सहा सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळ्यावर फोकस आणि कान पुसट. इथे थोडीशी चूकही लपत नाही.

चौकोन पुसट होतो तो आतल्या काचांवर धूळ आणि धुरकट थर बसल्यामुळे. वरचं झाकण काढून त्या काचा पुसता येतात, पण आतला अर्धपारदर्शक आरसा पुसू नका. त्याचा मुलामा कापसाबरोबर निघून येतो आणि मग चौकोन कायमचा जातो. त्याच्यावर फक्त रबरी फुगा दाबून हवा मारा. तोवरचा उपाय म्हणून व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या खिडकीवर फिक्या निळ्या जिलेटिन कागदाचा तुकडा लावा. बाकीचं दृश्य थोडं काळवंडतं आणि पिवळा चौकोन उठून दिसतो.

सेलचं गणित असं आहे. या कॅमेऱ्याला पाऱ्याचा पीएक्स ६२५ सेल लागायचा, १.३५ व्होल्टचा. पाऱ्यामुळे तो बंद झाला. त्याच मापाचा अल्कलाइन सेल बसतो, पण तो १.५ व्होल्टचा आहे आणि वापरात हळूहळू उतरत जातो. मीटर उजेड जास्त दाखवतो, फोटो काळपट येतात, आणि चूक रोज वेगळी असल्यामुळे हिशोबही जमत नाही. त्यापेक्षा कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या. तो १.४ व्होल्टचा असतो आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. व्यासाने तो ११.६ मिमी, जुना सेल १५.६ मिमी. मधली जागा भरायला नळाच्या वॉशरसारखी रबरी रिंग लावा. स्टिकर काढल्यावर पाच मिनिटं मोकळ्या हवेत ठेवून मगच आत घाला. स्टिकर एकदा काढला की तो महिना-दोन महिनेच चालतो, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याहून लवकर सुकतो. म्हणून काम असेल त्या दिवशीच स्टिकर काढा. कायमचा इलाज हवा असेल तर डायोड बसवलेला अडॅप्टर मिळतो. त्यात १.५५ व्होल्टचा एसआर४४ घातला की व्होल्टेज खाली येऊन बरोबर बसतं.

तरीही मीटरवर सगळा भार टाकू नका. २०० स्पीडच्या रोलला (स्पीड म्हणजे रोल उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) शटरचा १/२५० वेग धरा. भर उन्हात एफ १६, विरळ ढगांत एफ ११, सावली पडत नाही अशा ढगाळ दिवशी एफ ८, दाट मळभात एफ ५.६, आंब्याखाली किंवा ओसरीत एफ ४. घरात दारातून येणाऱ्या उजेडात १/३० ला एफ २. एवढं पाठ झालं की मीटर कुठे फसतोय हे लगेच कळतं, आणि आपल्याकडे तो नेमक्या ठिकाणी फसतो. पाण्याने भरलेल्या बांधीत रोवणी चालू असते तेव्हा पाण्यात आभाळ चमकतं. मीटर ते मोजतो आणि बाया काळ्या येतात. तिथे एक स्टॉप, म्हणजे एफच्या आकड्यांतली एक पायरी, जास्त उघडा. यवतमाळ-वर्ध्याकडे पांढऱ्या कापसाच्या ढिगाजवळही हेच होतं. उलट काळ्या ओल्या नांगरटीत पांढरं धोतर-टोपी घातलेला माणूस असेल तर मीटर जास्त उघडतो आणि पांढऱ्यातला तपशील जातो, तिथे एक स्टॉप कमी करा. ऑटोवर असाल तर साध्या उजेडाच्या जागेवर रोखून बटण अर्धं दाबून धरा आणि मग कॅमेरा वळवा, मोजणी धरलेली राहते.

दुपारी फोटो काढायचाच असेल तर या शटरचा एक मोठा फायदा आहे. पाती लेन्सच्या आत असल्यामुळे फ्लॅश १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला जुळतो. टोपीखाली किंवा दुपट्ट्याखाली काळा पडलेला चेहरा उजळायला २० गाइड नंबरचा (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) छोटा फ्लॅश पुरतो. २०० चा रोल, १/५००, एफ ११ आणि माणूस साडेतीन मीटरवर. उन्हापेक्षा फ्लॅश एक स्टॉप कमी पडतो आणि चेहरा फ्लॅश मारल्यासारखा दिसत नाही.

बाजारात किंवा पोळ्याच्या गर्दीत प्रत्येक वेळी चौकोन जुळवत बसू नका. एफ ८ आणि ३ मीटर लावून ठेवा, साधारण २.१ ते ५.४ मीटरपर्यंत सगळं धारदार येतं. एफ ११ आणि ५ मीटर लावलं तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत. ताडोबातला वाघ मात्र या कॅमेऱ्याचं काम नाही. ४० मिमीच्या लेन्सवर तो झुडपातल्या ठिपक्याएवढा येईल.

नवख्याची हमखास होणारी चूक म्हणजे लेन्सवरची टोपी. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, त्यामुळे टोपी लावलेली असली तरी दृश्य छान दिसतं. ऑटोवर असताना मीटरचा डोळाही टोपीखाली जातो आणि शटर अडतं. मॅन्युअलवर काहीच अडत नाही, आख्खा रोल कोरा निघतो. टोपी ठेवूनच द्या आणि ४८ मिमीचा यूव्ही फिल्टर कायम लावा. धूळही तोच अडवतो.

रोल घालताना टोक लाल खुणेपर्यंत ओढून झाकण लावलं की क्विक लोड, म्हणजे रोल आपोआप पकडायची सोय, टोक पकडतं. तरी पहिले दोन-तीन फ्रेम ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ उलटी फिरतेय का ते बघा. फिरत नसेल तर रोल पकडलेला नाही.

आता हवामान. हा कॅमेरा वय झालं म्हणून जात नाही, आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ठेवला कसा यावर जातो. चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत कॅमेरा तासभरही ठेवू नका. ग्रीस तिथेच वितळतं आणि रोलचे रंगही बिघडतात. न वापरलेले रोल डबीसकट फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर दोन तास डबी उघडू नका, नाहीतर रोलवर पाणी धरतं. दिवसभर बाहेर राहायचं असेल तर रोल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला, डब्याला ओलं फडकं गुंडाळा आणि सावलीत वारा लागेल असा ठेवा. कूलर ज्या कारणाने गार हवा देतो त्याच कारणाने डबा गार राहतो. जुलैत हा उपाय चालत नाही, कारण हवेतच ओल असते. काढून झालेला रोल तर आणखी नाजूक असतो. उष्णतेत आतली न धुतलेली प्रतिमा फिकी होत जाते, म्हणून तो महिनोन्महिने ठेवू नका.

पावसाळ्यात शत्रू बुरशी. कातडी कव्हर ओल धरून ठेवतं आणि बुरशीला तेच हवं असतं. कव्हर वेगळं ठेवा, कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची १०० ग्रॅमची पुरचुंडी. नारिंगी दाण्यांचा रंग बदलला की जाड तव्यावर मंद आचेवर, रंग परत येईपर्यंत परता. दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांना क्लिक करा. मोबाइलचा टॉर्च मागून लावून लेन्समधून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी लागलीय, काच लवकर उघडून घ्या. उशीर झाला तर ती काचेवरचा मुलामा खाते आणि पुसूनही डाग राहतो.

झाडीपट्टीच्या नाटकांना हा कॅमेरा खरंच शोभतो. शटरचा आवाज इतका हळू आहे की पहिल्या ओळीतल्या माणसालाही त्रास होत नाही. फ्लॅश मारू नका. रंगमंचावरच्या कलावंताच्या डोळ्यांवर तो अचानक येतो. फोटो काढण्याआधी मंडळाच्या व्यवस्थापकालाही विचारून घ्या. इलफर्डचा एचपी५ प्लस घ्या, तो ४०० चा आहे पण ८०० किंवा १६०० धरून चालवता येतो. मांडवात काळोख जास्त असल्यामुळे ऑटो सगळ्याची सरासरी काढतो आणि चेहरे पांढरे फटक होतात. मंचाजवळ जाऊन फक्त उजळलेला भाग व्ह्यूफाइंडरभर घ्या, सुई एफच्या कुठल्या आकड्यावर येते ते बघा, रिंग हाताने तिथेच आणा आणि पुढचा प्रवेश तसाच काढा. सुरुवात ८०० ला १/६० आणि एफ २.८ ने करा. कॅमेऱ्याची डायल ८०० लाच संपते, १६०० धरायचं तर मॅन्युअलमध्ये एक स्टॉप आणखी बंद करा. १/१२५ च्या वर शक्यतो जाऊ नका. मेनवर चालणारे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात आणि वेगवान शटरला एक फोटो उजळ, दुसरा काळा असं होतं.

रोल धुण्याबद्दल. रंगीत रोल सी-४१ पद्धतीने धुतात. त्यात डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) ३७.८ अंशांवर लागतो आणि अर्ध्या अंशाचा फरकही रंगात दिसतो, म्हणून तो मोठ्या शहरातल्या लॅबला कुरियर करा आणि निगेटिव्ह परत हवे असं आधीच लिहून द्या. सिनेमाच्या रोलमधून भरलेले स्वस्त रोल घेताना ‘रेमजेट’चा काळा थर काढलेला आहे का ते विचारा. तो थर साध्या लॅबच्या रसायनात सुटतो आणि दुसऱ्यांचे रोलही खराब होतात. उटीच्या कारखान्यातला जुना ‘इंदू’ रोल पेटीत असेल तर तो आठवण म्हणून जपा, लग्नाच्या फोटोंना वापरू नका.

कृष्णधवल मात्र घरी धुवा. एका रोलच्या टाकीला ३०० मिली द्रावण पुरतं. आयडी-११ डेव्हलपर १५० मिली आणि पाणी १५० मिली, २० अंशांवर एचपी५ ४०० ला १३ मिनिटं. नाटकाचा ८०० चा रोल असेल तर पाणी न मिसळता साडेदहा मिनिटं, १६०० ला १४. पहिली १० सेकंद टाकी उलटसुलट करा, मग दर मिनिटाला १० सेकंद. त्यानंतर साध्या पाण्याने किंवा स्टॉप बाथने (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणाने) अर्धा मिनिट, फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन) पाच मिनिटं. उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर आणायला बर्फाची पिशवी बाहेरून लावा, बर्फ द्रावणात टाकू नका. २४ अंशांपर्यंत चालतं, तेव्हा १३ ची वेळ ९ मिनिटांवर आणा. सगळ्या द्रावणांचं तापमान सारखं ठेवा, नाहीतर जिलेटिनला भेगा जातात. डिसेंबर-जानेवारीत बादलीतलं पाणी आपोआप २० च्या आसपास असतं आणि नाटकंही तेव्हाच असतात, शिकायला तोच काळ घ्या. टाकीत रोल भरायचं काम काळ्या पिशवीत असतं. घामट हातांनी रोल चिकटतो, म्हणून ते पहाटे करा.

बोअरचं पाणी जड असतं, त्याने वाळताना पांढरे डाग पडतात. डेव्हलपरला आणि शेवटच्या खळबळीला पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा, मधल्या धुण्याला जारचं पाणी चालेल. धुवायला नळ तासभर सोडायची गरज नाही. टाकी भरा, ५ वेळा उलटी करा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा. तिसऱ्यांदा २० वेळा. लिटरभर पाण्यात रोल स्वच्छ होतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका.

वाळवायला न्हाणीघर घ्या. आधी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा, रोल टांगा, खाली कपड्याचा चिमटा लावा आणि तीन तास दार उघडू नका. मग सहा-सहा फ्रेमचे तुकडे करून कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख, रोलचा स्पीड आणि धुण्याची वेळ लिहा. पावसाळ्यात निगेटिव्हलाही बुरशी लागते. तीही सिलिका जेलच्या डब्यातच ठेवा, फक्त कॅमेऱ्याच्या डब्यात नको.